देवरुखच्या दोन बहिणी

देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांच्या दोन मुली विधवा झाल्या. थोरली गोदू लग्नानंतर काही महिन्यांतच, वयाच्या आठव्या वर्षी. धाकटी पार्वती विसाव्या वर्षी, पदरी लहान मुलगा असताना. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणात ब्राह्मण घरातल्या विधवेचे पुढचे आयुष्य ठरलेले असे: न्हाव्यापुढे डोके वाकवायचे, आलवण नेसायचे, पहाटेपासून जाते, विहीर आणि चूल सांभाळायची, आणि मंगलकार्य आले की माजघराच्या अंधारात बसून राहायचे. या दोघी त्यातून बाहेर पडल्या. पण एकीची वाट दुसरीने धरली नाही. थोरलीने पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली; घरात व घराबाहेर तिला सगळे बाया म्हणत. धाकटी अखेरपर्यंत पार्वतीबाई आठवलेच राहिली. चाळिशी उलटेपर्यंत तिने केशवपनही सोडले नाही. दोघींनी आपली सारी उमेद मात्र एकाच कामाला वाहिली.

ते काम म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी उभारलेली स्त्रीशिक्षणाची संस्था. अण्णा कर्वे १०४ वर्षे जगले, भारतरत्न झाले, आणि त्यांचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी राहिले. ते योग्यच आहे. पण हिंगण्याचा इतिहास अण्णांपासून सुरू करून अण्णांपाशीच संपवला तर त्यातला फार मोठा भाग हातातून निसटतो, कारण या संस्थेचा पाया अण्णांच्या स्वतःच्या घरात घातला गेला होता आणि त्या घराचा भार एका बाईच्या खांद्यावर होता.

गोदूबाईंना बाहेर काढले ते त्यांच्या भावाने. नरहरपंत जोशी मुंबईला शिकत होते आणि धोंडोपंत कर्वे त्यांचे जिवलग मित्र. धोंडोपंत मुरूडचे, दापोली तालुक्यातले. घरची गरिबी अशी की मॅट्रिक व्हायला तेविसावे वर्ष उजाडले. त्यांच्या जिद्दीची एक हकीगत कोकणात अजून सांगतात. १८७५ साली सहावीची परीक्षा द्यायला हा मुलगा भर पावसात मुरूडहून कुंभार्ली घाटाच्या वाटेने साताऱ्यापर्यंत पायी गेला. वय सतरा पूर्ण असणे बंधनकारक होते. परीक्षकांना तो अंगाने लहान वाटला आणि त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो तसाच परत फिरला आणि पुढे कोल्हापूर केंद्रातून परीक्षा देऊन पास झाला. दारे बंद झाल्यावर दुसऱ्या दाराकडे चालू लागणे ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

मुंबईत दोन्ही मित्रांचे बिऱ्हाड काही काळ एकत्र होते. धोंडोपंतांची पत्नी राधाबाई, मुलगा रघुनाथ आणि जोश्यांची मंडळी एका चुलीवर जेवत. भावाने गोदूबाईंना या बिऱ्हाडात आणले. सासरच्या घरात पंधरा-सोळा वर्षे राबलेल्या बाईला मुंबईतही स्वयंपाकघरच मिळाले असते, पण त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी चौपाटीवर शारदा सदन उघडले. विधवांना राहायला जागा आणि शिकायला वर्ग, दोन्ही एकाच छपराखाली. गोदूबाई या सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. वय चोविसाच्या आसपास, आणि शिक्षणाची खरी सुरुवात आता. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले आणि गोदूबाईही पुण्याला आल्या.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. राधाबाई गेल्या. आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला एल्फिन्स्टनचे सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी धोंडोपंतांना बोलावून घेतले. पुण्यात नोकरी, घरी आईविना मुलगा, वय तेहेतीस. त्या काळच्या रीतीने पंधरवड्यात स्थळे यायला लागली असणार, बारा-तेरा वर्षांच्या मुलींची. धोंडोपंतांनी निश्चय केला होता की पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच. बाळकृष्णपंत जोशी पुण्याला आले असता हा विषय निघाला. विधवेशी लग्न करणाऱ्याने आपल्या डोळ्यांसमोरचीच मुलगी का पाहू नये, असा साधा व्यवहार त्या बापाने पाहिला. विधवा मुलीचे पुन्हा लग्न लावण्याला बाप तयार होणे हीच १८९३ सालच्या कोकणस्थ समाजात मोठी गोष्ट होती. आपण आज नवऱ्याच्या धैर्याबद्दल बोलतो. बाळकृष्णपंतांबद्दल कुणी बोलत नाही. त्यांना देवरुखला परत जाऊन त्याच गावात राहायचे होते.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झाले. शारदा सदन उघडले त्याच तारखेला, चार वर्षांनी. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरूडकरांनी लगेच बैठक भरवली. धोंडोपंतांशी कुणी पंक्तिव्यवहार करायचा नाही, एका बैठकीला बसायचे नाही, आणि त्यांना घरात ठेवून घेतले तर त्यांच्या थोरल्या भावावरही वाळीत पडण्याची वेळ येईल, असे ठरले. ज्या गावाच्या दुर्गादेवीच्या देवळात सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून लहानपणी त्यांनी लोकांना वर्तमानपत्रे वाचून दाखवली होती, ज्या गावच्या शाळेसाठी मुरूड फंड काढून त्यांनी वर्गणी गोळा केली होती, त्या गावात ते आता पाहुणे म्हणूनही नको झाले. आई आणि भाऊ कात्रीत सापडले. मुलगा दाराशी आला तर त्याला आत घ्यायचे की गावात आपले तोंड राखायचे? पुढे काही वर्षे ही गाठ सुटली नाही.

बहिष्काराबद्दल वाचताना नवऱ्याची यातना लवकर डोळ्यांसमोर येते. बायांची त्याहून वेगळी होती. त्यांना पुण्यातल्या शेजारणींमध्ये रोज वावरायचे होते. हळदीकुंकवाला बोलावणे नाही, पाणवठ्यावर लोक बाजूला होतात, धुणेभांडी करणारी बाईसुद्धा कामाला येण्याआधी दहादा विचार करते. अशा घरात त्यांनी रघुनाथला वाढवले आणि शंकर, दिनकर, भास्कर या तीन मुलांना जन्म दिला. रघुनाथ १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. तो आपला नाही, सवतीचा, हा भेद घरात दिसला नाही. मुंबईच्या त्या एकत्र बिऱ्हाडात असल्यापासून बायांना तो मुलगा माहीत होता.

लग्नाच्याच वर्षी, १८९३ साली, पुण्यात दुसरे वादळ उठले. शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा आक्षेप आला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सल्लागार म्हणून बरोबर असलेले रानडे आणि भांडारकर यांनीही संबंध तोडला. पुण्यातल्या हिंदू विधवांसाठी जे एकमेव घर होते त्याच्याकडे पाठ फिरली. रमाबाईंचे काम पुढे केडगावला मुक्ती सदनात फार मोठे झाले, पण पुण्यात एक रिकामी जागा राहिली. अण्णांनी ती हेरली. बायांना ज्या सदनाने घडवले होते, त्याच्यासारखे, पण ज्याच्या धर्माबद्दल पुणेकरांना शंका घेता येणार नाही असे घर काढायचे.

आधी त्यांनी विधवाविवाहाच्या प्रचाराचे काम हाती घेतले होते. १८९३ अखेर वर्ध्याला विधवाविवाहोत्तेजक मंडळी निघाली, आणि १८९५ साली तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी केले. नावातल्या या बदलाला कारण होते. लग्न करा असे सांगणारी संस्था आणि लग्नाआड येणारे अडथळे दूर करणारी संस्था यांत पुण्याच्या कानाला मोठे अंतर वाटत असे. मंडळीचे काम चालू असताना अण्णांच्या लक्षात आले की विधवेला नवरा शोधून देण्याआधी तिला स्वतःच्या पायावर उभे करायला हवे. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस कर्वे. स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये अण्णांनी आधीच घातले. फर्ग्युसनच्या आजीव सदस्याचा पगार त्या काळी महिना ७५ रुपये होता, हे लक्षात घेतले की हजार रुपयांची किंमत कळते. आणि हेही कळते की ते पैसे घरातूनच गेले.

इथे बायांच्या वाट्याला एक विलक्षण गोष्ट आली. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाह लावण्याची ती युक्ती नाही, हे लोकांना पटवून देणे अण्णांना भाग होते. तसे न केले तर एकही बाप मुलीला पाठवणार नव्हता. म्हणून त्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीपासून आश्रमाला कटाक्षाने वेगळे ठेवले. पण मग चालकाची पुनर्विवाहित बायको आश्रमात दिसली तर? तिच्या हातचे अन्न सोवळ्या बायका खातील का? तिला पाहून गावोगावचे लोक काय म्हणतील? ज्या बाईच्या उदाहरणामुळे हे काम सुचले, तिलाच आश्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांत चार पावले मागे उभे राहावे लागले. अण्णांनी हे मनाविरुद्ध केले यात शंका नाही. आश्रम टिकला याला त्यांची ती सावधगिरीही कारण आहे. तरीही ही किंमत बायांनी मोजली.

धाकटी बहीण या टप्प्यावर या कहाणीत येते.

पार्वतीबाईंचे यजमान महादेव नारायण आठवले गोव्यात नोकरीला होते. त्यांच्या निधनानंतर पार्वतीबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. पुनर्विवाहित बहिणीच्या घरी जाऊन राहणे त्या वेळी साध्या भेटीइतके साधे नव्हते. सोवळ्या विधवेने तसे करणे म्हणजे गावाला बोलायला विषय देणे. पण शिकायचे तर पुण्यातच, आणि पुण्यात हक्काचे घर एकच. त्या बायांकडे आल्या. पंचविशी उलटलेली, मुलगा शाळेच्या वयाचा, आणि आई त्याच्यासारखीच पाटीवर अक्षरे गिरवते आहे. अण्णांनी त्यांना शिकवले. पुढे त्या आश्रमाच्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक झाल्या आणि मग तिथल्याच कार्यकर्त्या.

पार्वतीबाईंची श्रद्धा जुन्या वळणाची होती. व्रते, उपास, सोवळे यांत त्या वाढल्या होत्या आणि त्यात त्यांना मनापासून अर्थ वाटत होता. पुनर्विवाहाचा विचार त्यांनी स्वतःपुरता बाजूला सारला. बहिणीच्या लग्नाला त्यांनी नावे ठेवली नाहीत, पण तो आपला मार्ग नव्हे हे त्यांना स्पष्ट होते. विधवेचे आयुष्य सेवेला वाहिले तर त्यालाही मोल येते, अशी त्यांची धारणा. अण्णांचा ओढा कर्मकांडाकडे कधीच नव्हता. त्यांची भक्ती कामावर. एका घरात पुनर्विवाहित बहीण, सोवळी बहीण आणि देवापुढे फारसे न बसणारा सुधारक एकत्र नांदत होते. वाद झाले असतीलच, पण काम थांबले नाही.

प्लेगने पुणे उजाड करायला सुरुवात केली. १८९६-९७च्या साथीपासून दर हंगामाला लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. दाटीच्या पेठेत आश्रम ठेवणे धोक्याचे होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे गावाजवळची आपली सहा एकर जागा आणि ७५० रुपये आश्रमाला दिले. त्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला.

हिंगण्याला तेव्हा धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल गुडघ्यापर्यंत चढे, आणि अंधार पडला की वाट दिसेनाशी होई. अण्णा दिवसा कॉलेजात गणित शिकवत, संध्याकाळी भाजीपाला, किराणा, लागेल ते सामान बरोबर घेऊन हिंगण्याला चालत जात, रात्री मुलींना शिकवत, तिथेच मुक्काम करत आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर होत. हे वर्षानुवर्षे चालले. महाराष्ट्राला त्यांचे जे चित्र आठवते ते हेच: पाठीवर ओझे, हातात काठी, चिखलाची वाट.

याच वेळी शहरातल्या बिऱ्हाडात बाया होत्या. नवरा रात्री घरी नाही. मुले लहान, त्यांतले एक तान्हे. पैसे मोजके, आणि त्यातलेही आश्रमाला कधी जातील याचा नेम नाही. मुलांची आजारपणे, शाळा, फाटलेले कपडे, उद्याचे पीठ हे सगळे एकटीने निभवायचे. बायांनी हे सोसले, पण मुकाट्याने नाही. त्या भांडल्या. घरासाठी काही शिल्लक राहिले पाहिजे हे त्यांनी अण्णांना बजावून सांगितले. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ‘माझे पुराण’ या नावाने आत्मकथन सांगितले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. धाकटी सून कावेरीबाई यांनी त्याचे संपादन केले. मराठीतल्या आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान वेगळे आहे. थोर पुरुषांच्या बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रे आपल्याकडे आहेत, पण नवऱ्याच्या मोठेपणाविषयी आदर आणि त्या मोठेपणाने आपल्याला किती छळले याचा हिशेब एवढ्या रोखठोकपणे एकत्र मांडलेला क्वचितच सापडतो. नात्याने त्यांची दुसरी सून, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे, यांनीही सासऱ्यांवर लिहिताना त्यांच्याविषयीचा अभिमान लपवला नाही, आणि अशा माणसाशी संसार करणे किती अवघड असते हेही लपवले नाही.

बाया केवळ घर सांभाळून थांबल्या नाहीत. आश्रमाने त्यांना लांब ठेवले तरी त्यांनी आश्रमाला लांब ठेवले नाही. शहरातल्या घरी शिकणाऱ्या मुली, अडलेल्या बायका यांना त्यांनी आसरा दिला, आणि संस्थेसाठी लोकांच्या दारात जाऊन वर्गणीही मागितली. त्यांच्या मागण्यात पांढरपेशी भीड नव्हती. आठव्या वर्षापासून लोकांचे शब्द ऐकत आलेल्या बाईला दारातून परत फिरण्याची लाज कसली वाटणार?

वर्गणीच्या या कामात खरी कीर्ती मात्र पार्वतीबाईंची. आश्रमाचे अंतर्गत व्यवस्थापन काही वर्षे पाहिल्यावर त्या गावोगाव हिंडू लागल्या. सोवळी, केशवपन केलेली विधवा सभेत उभी राहते आणि मुलींना शिकवा म्हणून सांगते, हे दृश्य लोकांनी पाहिले नव्हते. सुधारक बाईचे बोलणे जे लोक दारातच उडवून लावत, त्यांना या बाईला तसे करता येत नसे. तिचा वेश त्यांच्याच घरातल्या आजीचा, आत्याचा होता. माझ्या मते हिंगण्याला सनातनी घरांतून ज्या मुली आल्या त्यांत पार्वतीबाईंच्या त्या वेशाचा वाटा मोठा आहे. अण्णांचे युक्तिवाद आणि बायांचे उदाहरण जिथे पोचू शकले नसते, तिथे त्या पोचल्या.

आणि मग त्याच बाईने केशवपन बंद केले. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना वाटू लागले की विधवेचे रूप विद्रूप करणारी ही रीत धर्माची नव्हे, आणि दुसऱ्या बायकांना यातून सुटा असे सांगताना आपण मात्र न्हाव्यापुढे बसणे खोटेपणाचे आहे. लोक बोलले. या वयात केस वाढवायचे सुचले कसे, म्हणून तर्क लढवले. ज्या मोठ्या घरांतून आदराने वर्गणी मिळत होती, तिथे त्या आदराला तडा जाण्याची भीती होती. त्यांनी ती पत्करली. यात श्रद्धा सुटली असे मात्र नाही. व्रते, उपास चालूच होते.

अण्णांचे काम दरम्यान वाढत होते. १९०७ साली कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्म मठ. मठात येणाऱ्याने स्वतःसाठी काही न ठेवता संस्थेला आयुष्य द्यायचे अशी कल्पना. संन्याशाचा मठ आणि आधुनिक शिक्षणसंस्था यांचा असा मेळ घालणे अण्णांनाच सुचावे. देवाच्या नावाने जे लोक घरदार सोडतात, त्यांच्याइतकी निष्ठा मुलींच्या शाळेसाठी का मागू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९१५ अखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, आणि परिषदेत त्यांनी तीच कल्पना मांडली. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले तेव्हा कॉलेजात पाच विद्यार्थिनी होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्याला कायद्याची पूर्ण मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्यानंतरची वाट पाहावी लागली.

यातली शेवटची दोन वर्षे पार्वतीबाई भारतात नव्हत्या. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जुजबी. पहिले महायुद्ध अजून संपलेले नव्हते. हेतू दोन: इंग्रजी शिकायचे आणि आश्रमासाठी मदत मिळवायची. आश्रमाचा पैसा स्वतःच्या राहण्या-खाण्यावर खर्च होऊ नये म्हणून त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम धरले. भांडी घासणे, झाडलोट, कपडे धुणे. ज्या कामाला कोकणातल्या विधवेला कुणी किंमत देत नव्हते, त्याच कामाचे तिथे पैसे मिळत होते, आणि मालकिणीशी बोलता बोलता भाषाही सुधारत होती. पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना ही गोष्ट आवडली नसणार हे समजता येते. देवरुखच्या जोश्यांची मुलगी परक्या मुलखात मोलकरीण! पण पार्वतीबाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. भगवंताने दिलेले काम म्हणून त्या त्याकडे पाहत होत्या. १९२० साली त्या आश्रमासाठी निधी घेऊन परतल्या.

१९२८ साली त्यांची ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांत जस्टिन ॲबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्ये प्रकाशित केले. संतचरित्रांचे भाषांतर करणारे हे मिशनरी गृहस्थ. सनातनी हिंदू विधवेच्या आत्मकथेला परदेशात वाचक मिळवून दिला तो त्यांनी.

दोन्ही बहिणींची पुस्तके एकामागोमाग एक वाचावीत. पार्वतीबाईंच्या कहाणीत कर्तव्याची आणि श्रद्धेची सरळ रेघ आहे. बायांच्या पुराणात चढउतार, राग, हट्ट, मुलांचे कौतुक आणि नवऱ्याशी हुज्जत आहे. पार्वतीबाईंनी संसार गमावून संस्था मिळवली. बायांना संसार पुन्हा मिळाला, पण तो संस्थेबरोबर वाटून घ्यावा लागला.

मुलांनी आपापल्या वाटा काढल्या. शंकरराव डॉक्टर होऊन मोंबासाला स्थायिक झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. भास्करराव आणि कावेरीबाई हिंगण्याच्या कामात उतरले. रघुनाथरावांची वाट सगळ्यांत काट्याची. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली, आणि १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालवले. खटले झाले, दंड झाले. विधवेशी लग्न केलेल्या बापाला गावाने वाळीत टाकले होते. मुलाला तर बहुतेक सुधारकांनीही जवळ केले नाही. चौघांपैकी एकालाही मिळवत्या, सुरक्षित आयुष्याची वाट आईबापांनी आखून दिली नव्हती.

अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचा प्रवास केला, विद्यापीठासाठी पैसे जमवले, बर्लिनमध्ये आइनस्टाइनची भेट घेतली. परतल्यावर १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवी मंडळी काढली. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ. एवढ्या उशिरा नवे काम काढणारा माणूस घरच्यांना दमवून सोडतो, यात नवल नाही.

बाया १९५० साली नोव्हेंबरात गेल्या. पार्वतीबाई १९५५ साली. मधल्या काळात, १९५३ साली, रघुनाथरावही गेले. अण्णा या तिघांच्या मागे राहिले. १९५५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९५८ साली वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा भारत सरकारने त्यांना भारतरत्न दिले आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. हयात व्यक्तीचे तिकीट त्याआधी स्वतंत्र भारतात निघाले नव्हते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो माळ आता कर्वेनगर म्हणून पुण्यात मिसळून गेला आहे, तिथे मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेजही आहे आणि हजारो मुली तिथे शिकतात.

अण्णांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९६३ साली, दिनकररावांनी महाराष्ट्रातल्या पाच ब्राह्मण कुटुंबांवरचा एक इंग्रजी ग्रंथ संपादित करून कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत प्रसिद्ध केला. त्यात आईच्या आत्मकथेचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. अण्णा कर्वे कोण होते हे परदेशी वाचकाला कळावे म्हणून मुलाने त्याच्यापुढे बायांचे म्हणणेही ठेवले.